गिअरबॉक्सची नोंद पुसावी का?

प्रश्न : नोएडा-गुरुग्राम रोजच्या कोंडीने माझ्या ऑटोमॅटिक गाडीला संथपणाची सवय लागली आहे. बॅटरी काढून ती सवय मोडेल का?

उत्तर : तसं करू नका. गिअरबॉक्सचा संगणक मुख्यतः तुमची सवय नव्हे, तर भागांची झीज शिकतो. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत तो आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या शाफ्टचा वेग मोजतो. गिअर पडायला जास्त वेळ लागला, की पुढच्या वेळी तेलाचा दाब किंचित बदलतो. २०१४ मध्ये ग्रेटर नोएडाच्या ऑटो एक्स्पोत आलेल्या सेलेरिओसारख्या एएमटी गाडीत क्लच नेमका कुठे पकडतो, ते टिपून ठेवलं जातं. कोंडीत क्लच लवकर झिजतो, म्हणून दिल्लीकरांना ही नोंद अधिकच मोलाची.

काही गाड्या पेडलवरच्या पायाचाही अंदाज घेतात, हे खरं; पण मोकळ्या रस्त्यावर तो आपोआप बदलतो. शिवाय अनेक गाड्यांत बॅटरी काढूनही नोंद पुसली जात नाही, आणि पुसलीच तर झिजलेल्या क्लचला नव्या गाडीचे आकडे लागू होऊन धक्के बसतात. धक्के आताच बसत असतील, तर आधी तेल आणि क्लच तपासा. क्लच बदलला, तर मात्र वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून नवी नोंद करून घ्याच.