आधी हाडं, मग रंग: जुन्या घराच्या नूतनीकरणाचा हिशेब

आमचं साताऱ्याचं घर १९७९ सालचं. तळमजला, वर गच्ची, हजार चौरस फूट कार्पेट, शहाबादी फरशी आणि वडिलांनी हौसेने बसवलेली सागवानी दारं. दर पावसाळ्यात न्हाणीघराशेजारच्या भिंतीला ओल यायची आणि दर दिवाळीला आम्ही तिच्यावर रंग मारायचो. शेवटी "हे विकू आणि पुण्यात फ्लॅट घेऊ" असा विषय निघाला. आई म्हणाली, "दोन्हीकडे किती लागतील ते आधी कागदावर मांडा." मांडलं, आणि घर राखायचं ठरलं. तोच हिशेब इथे देतो आहे. भाव पुणे-सातारा पट्ट्यातले, मध्यम दर्जाच्या कामाचे आणि ढोबळ आहेत. तुमच्या गावचे भाव तीन ठिकाणी विचारूनच पक्के करा.

घर बदलायलाही पैसे लागतात

पुण्यात ८० लाखांचा जुना फ्लॅट घेतला तर ७ टक्क्यांनी मुद्रांक शुल्क होतं ५ लाख ६० हजार. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. दलाली १ टक्का धरली तर ८० हजार. झाले ६ लाख ७० हजार, आणि यातला एक रुपयाही विटेत किंवा फरशीत जात नाही. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घेतलं तर ५ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ४ लाख. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला तो लागत नाही. सामान हलवणं, नवे पडदे-कपाटं आणि सोसायटीचा दरमहाचा मेंटेनन्स वेगळाच.

पहिला खर्च तपासणीचा

टाइल्स निवडायच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. बंगल्याच्या तपासणीचे आणि हातोडा-चाचणी, अल्ट्रासॉनिक अशा चाचण्यांचे मिळून २५ ते ५० हजार जातात. एवढे पैसे केवळ बघायला कशाला, असं आम्हालाही वाटलं होतं. इंजिनिअरने न्हाणीघराच्या छताचा फुगलेला गिलावा खरवडला, तेव्हा आतली सळई पापुद्रे सुटल्यासारखी गंजलेली निघाली. सळई गंजली की फुगते आणि भोवतालचं काँक्रीट फोडते. त्यावर रंग मारणं म्हणजे दुखणं झाकणं. सुटलेलं काँक्रीट काढून, सळई घासून, गंजरोधक लावून पॉलिमर मॉर्टरने छत भरून घ्यावं लागलं.

इंजिनिअर येण्याआधी घरच्या घरी एक काम करा. रुपयाचं नाणं घेऊन भिंत आणि गिलावा ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक. पोकळ, बद्द आवाज आला तिथे खडूने गोल करा. त्या सगळ्या खुणा इंजिनिअरला दाखवा.

घर लोड-बेअरिंग असेल, म्हणजे छताचा भार भिंतींवर असेल, तर किचन मोकळं करण्यासाठी मधली भिंत गवंड्याच्या भरवशावर पाडू नका. आधी बीमचं डिझाइन, मग घण.

हजार चौरस फुटांचा तक्ता

- तपासणी व चाचण्या: २५ ते ५० हजार
- छताची आणि गिलाव्याची दुरुस्ती: ७५ हजार ते दीड लाख
- गच्चीचं वॉटरप्रूफिंग, ब्रिकबॅट कोब्यासह: १ लाख २० हजार ते १ लाख ८० हजार
- संपूर्ण नवं वायरिंग: सव्वा ते पावणेदोन लाख
- घरातल्या पाइपलाइनसह दोन बाथरूम: साडेतीन ते ५ लाख
- फरशी, मजुरीसकट: १ लाख १० हजार ते १ लाख ७० हजार
- किचन, ओटा आणि ट्रॉल्या: पावणेदोन ते साडेतीन लाख
- खिडक्या: ७५ हजार ते १ लाख २० हजार
- आतून-बाहेरून रंग: १ लाख १० हजार ते १ लाख ६५ हजार
- राडारोडा आणि परांची: ३० ते ५० हजार

बेरीज साधारण १२ ते १९ लाख. त्यावर १५ ते २० टक्के राखीव ठेवाच, कारण जुनी भिंत उघडल्याशिवाय आतलं कळत नाही. म्हणजे तयारी १४ ते २३ लाखांची हवी. काम चालू असताना चार महिने भाड्याने राहावं लागलं तर ते भाडंही यात मिळवा.

रंगाचं कोटेशन तपासायला एक सोपा आडाखा: आतून रंगवायचा पृष्ठभाग कार्पेट क्षेत्रफळाच्या साधारण साडेतीनपट असतो. रंगाऱ्याने हजार फुटांच्या घराला साडेपाच हजार फूट लावले तर टेप घेऊन बरोबर उभे राहा.

कुठे हात सैल, कुठे आखडता

भिंतीच्या आत जे जातं, त्यात काटकसर करू नका. आमच्या किचनमधला जुना जीआय पाइप कापला तेव्हा गंज साचून त्यातून पेन्सिलही जाईना. वर्षानुवर्षं आम्ही टाकीच्या उंचीला दोष देत होतो. सीपीव्हीसी पाइप टाका. गीझर आणि एसीला ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर, नवं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी घ्या. विजेचा धक्का बसला तर पुरवठा क्षणात तोडून जीव वाचवणारं हे उपकरण आहे.

बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगनंतर आणि टाइल्सच्या आधी नहाणी ट्रॅप बंद करून ४८ तास पाणी साठवा. खालच्या नि शेजारच्या भिंती कोरड्या राहिल्या तरच पुढचं काम.

पैसे वाचतात ते जुनं टिकवण्यात. सागवानी दारं पॉलिश केली की नव्या फ्लश दाराला मागे टाकतात. चांगली असलेली शहाबादी किंवा मोझॅक फरशी घासून, पॉलिश करून घ्या. नव्या फरशीच्या मानाने खर्च पुष्कळ कमी येतो. किचनच्या वरच्या कपाटांचं काम पुढच्या वर्षावर ढकललं तरी बिघडत नाही. पाइप मात्र पुढे ढकलता येत नाही.

ठेकेदाराशी व्यवहार

पहिल्या ठेकेदाराला आम्ही "सगळं मिळून इतके" असं तोंडी ठरवून काम दिलं. महिन्याभरात प्रत्येक गोष्ट "यात धरली नव्हती" झाली आणि काम अर्ध्यावर थांबलं. दुसऱ्या वेळी कामवार दर लिहून घेतले: फरशी प्रति चौरस फूट, वायरिंग प्रति पॉइंट, माल कोणाचा, ब्रँड कोणता, जीएसटी धरून की वेगळा. नोंदणीकृत ठेकेदाराच्या बिलावर तो १८ टक्के असतो. मागाहून कळला तर अंदाज कोलमडतो.

ॲडव्हान्स दहा टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नका. पुढचे हप्ते झालेल्या कामाच्या मोजमापावर द्या. शेवटचे पाच टक्के एक पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवा, आणि ही अट करारात आधीच लिहा. काम दिवाळीनंतर सुरू करा. गच्ची मेअखेर पूर्ण झालीच पाहिजे.

कागदपत्रं

गिलावा, फरशी, रंग यांना सहसा बांधकाम परवानगी लागत नाही; खोली वाढवणं, मजला चढवणं किंवा भार घेणारी भिंत हलवणं यांना लागते. घर वडिलोपार्जित असेल तर पैसे घालण्याआधी वारसनोंद करून घ्या आणि भावंडांची लेखी संमती घ्या. खर्च एकाने केला आणि वाटा सगळ्यांचा, यातून घराघरांत अबोला आलेला आहे.

दुरुस्तीसाठी गृहकर्ज मिळतं. स्वतः राहत असलेल्या घराच्या दुरुस्ती-कर्जावरच्या व्याजाची वजावट जुन्या करपद्धतीत वर्षाला ३० हजारांपर्यंतच मिळते. घरात कायमची भर घालणाऱ्या कामांची बिलं जपून ठेवा. पुढे घर विकलं तर भांडवली नफा मोजताना ती कामी येतात.

राखू नये असं घर

नवं बांधायला बिल्टअप १२०० फुटांना २२०० ते २८०० रुपये दराने साधारण २६ ते ३४ लाख लागतात. माझा ठोकताळा असा: छत, भिंती, पाणी आणि वीज एवढ्याच कामांचा अंदाज या रकमेच्या एक तृतीयांशावर गेला, किंवा पाया खचतो आहे असं इंजिनिअरने लिहून दिलं, तर भावना बाजूला ठेवून नव्या बांधकामाचा विचार करावा.

आमचं काम त्या रेषेच्या बरंच आत बसलं. यंदा मृगाचा पाऊस धरला तेव्हा आईने न्हाणीघराशेजारच्या भिंतीला तळहात लावून पाहिला. भिंत कोरडी होती. ठेकेदाराचे राखून ठेवलेले पाच टक्के आम्ही दसऱ्याला दिले.