धर्मसेवकाचे शिक्षण व बडोद्याचा हातभार

आमच्या संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेत शिक्षणावर एखादा लेख असावा हे ओघानेच आले. वैद्यकी, इंजिनिअरिंग किंवा कायदा शिकणाऱ्या मुलाला शिष्यवृत्ती देताना सभासदांपैकी कोणी फारशी शंका काढीत नाही. परंतु पाळक होऊ इच्छिणाऱ्या अथवा व्यापक अर्थाने धर्मसेवेचे शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याचा विषय निघाला, की लगेच दोन तट पडतात. एका पक्षाचे म्हणणे, हा खर्च त्याच्या मंडळीने करावा. दुसऱ्याचे म्हणणे, मदत द्यावी, पण तो आपल्या पंथाचा असला तरच. या वादात शिरण्यापूर्वी, सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी बडोद्याच्या गादीवरून झालेल्या एका मदतीची हकीकत वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटते.

विठ्ठल रामजी शिंदे यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी येथे झाला. घरची स्थिती बेताची होती. पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात शिकताना त्यांना श्रीमंत सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली व १८९८ साली ते बी. ए. झाले. त्याच सुमारास ते प्रार्थनासमाजाचे सभासद झाले आणि वकिली-नोकरीचा विचार सोडून धर्मकार्यास वाहून घेण्याचे त्यांनी ठरविले. ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मशिक्षणासाठी त्यांची निवड झाली. शिक्षणाची सोय तेथील युनिटेरियन मंडळींनी केली; प्रवासखर्चाची अडचण होती, ती सयाजीराव महाराजांनी दूर केली. १९०१ साली शिंदे बोटीवर चढले. मराठा कुळातला, तुकोबांच्या अभंगांवर वाढलेला, ख्रिस्ती नसलेला तरुण एका ख्रिस्ती धर्मविद्यालयात उपदेशकाचे शिक्षण घेण्यास निघाला, आणि त्याचे भाडे एका हिंदू राजाने भरले! आजही ही गोष्ट काही जणांस विचित्र वाटेल.

हे कॉलेज कसे होते, ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. इंग्लंडात एके काळी ऑक्सफर्डला प्रवेश घ्यावयाचा तर राजमान्य चर्चच्या ३९ कलमांवर सही करावी लागे. ज्यांची विवेकबुद्धी त्याला तयार नसे, त्यांनी आपल्या स्वतंत्र विद्यापीठिका काढल्या. त्यांपैकीच एक १७८६ साली मँचेस्टर शहरात निघाली. पुढे १८७१ च्या कायद्याने विद्यापीठातील धार्मिक अटी बहुतांशी उठल्या व हे कॉलेज १८८९ साली ऑक्सफर्डला आले. ज्या लोकांना सहीच्या अटीमुळे बाहेर राहावे लागले होते, त्यांनी आपल्या दारावर तशी अट घातली नाही. शिक्षकाला वा विद्यार्थ्याला ठराविक मताची शपथ घ्यावी लागत नसे. आमच्या मते या कॉलेजची खरी थोरवी येथेच आहे. छळ सोसलेले लोक पुढे तोच छळ दुसऱ्यास देतात, असेच पुष्कळदा दिसते. याच कॉलेजात तयार झालेल्या गेरट्रूड फॉन पेट्झोल्ड या बाई १९०४ साली लेस्टर येथे एका मंडळीच्या पाळक झाल्या.

शिंदे गेले तेव्हा जेम्स ड्रमंड हे प्राचार्य होते. तौलनिक धर्माभ्यास शिकविणारे एस्टलिन कार्पेंटर हे पाली भाषेचे जाणकार. दीघनिकायाच्या संपादनात ऱ्हीस डेव्हिड्स यांच्याबरोबर त्यांचा हात होता. बौद्ध धर्माचा मूळ ग्रंथ इंग्रज ख्रिस्ती गुरूपाशी मराठी विद्यार्थ्याने समजून घ्यावा, यातली गंमत शिंद्यांसारख्या मार्मिक माणसाच्या लक्षात आल्यावाचून राहिली नसेल. पण धर्मसेवकाचे शिक्षण ग्रंथांतच संपत नाही. युनिटेरियन मंडळींनी लंडन, लिव्हरपूल आदी शहरांतील गरीब वस्त्यांत आपली मिशने चालविली होती. तेथे उपदेशक घरोघर जाई, मुलांचे वर्ग घेई, आजाऱ्याची विचारपूस करी. व्यासपीठ आणि वस्ती या दोन्हींचा मेळ घालणारी ही पद्धत होती. १९०३ साली ॲमस्टरडॅम येथे उदारमतवादी धर्मपंथीयांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तीत शिंद्यांनी हिंदुस्थानातील उदार धर्मावर निबंध वाचला, आणि त्याच वर्षी ते मायदेशी परतले.

परत आल्यावर मुंबईच्या प्रार्थनासमाजाचे प्रचारक म्हणून त्यांनी उपासना चालविल्या, व्याख्याने दिली. पण त्यांच्या शिक्षणाचे फळ दिसले ते १८ ऑक्टोबर १९०६ रोजी. त्या दिवशी ‘भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी’ची स्थापना झाली. अस्पृश्य मानलेल्या समाजासाठी शाळा, वसतिगृहे व उद्योगशिक्षण हे या मंडळीचे काम. इंग्रजी नावात त्यांनी ‘मिशन’ हा शब्द ठेवला, तो शोभेसाठी नव्हे. पुढे १९३३ साली त्यांचा ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा ग्रंथ निघाला. त्यातील चिकित्सक अभ्यासाची पद्धत पाहिली म्हणजे ऑक्सफर्डची दोन वर्षे फुकट गेली नाहीत याची खात्री पटते. ते परतताना ख्रिस्ती झाले नव्हते, आणि तशी अपेक्षाही त्यांच्यापाशी कोणी धरली नव्हती.

येथे कोणी आक्षेप घेईल, की युनिटेरियन हे त्रैक्याचे तत्त्व न मानणारे. बाकीचे पंथ त्यांना आपल्यात धरीत नाहीत. मग त्यांच्या उदाराचे उदाहरण आम्हांस काय कामाचे? आक्षेप अगदीच गैरवाजवी नाही. ज्यांनी सिद्धांत सैल धरला त्यांना दार उघडणे सोपे गेले, असे म्हणता येईल. म्हणून दुसरे उदाहरण घेऊ. १८१८ साली केरी, मार्शमन व वॉर्ड या कट्टर बाप्टिस्टांनी श्रीरामपूर येथे कॉलेज काढले. केरी म्हणजे तेच, ज्यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण व १८१० साली कोश छापला. या कॉलेजात पहिल्यापासून सर्व जातिधर्मांच्या मुलांना प्रवेश होता. १८२७ साली डेन्मार्कच्या राजाने त्यास पदव्या देण्याची सनद दिली, आणि १९१५ मध्ये ईश्वरविज्ञानाची पदवी प्रथम दिली गेली. आज निरनिराळ्या पंथांची विद्यालये श्रीरामपूरच्या सिनेटशी संलग्न आहेत. अहमदाबादचे गुजरात युनायटेड स्कूल ऑफ थिऑलॉजी हे त्यांतलेच एक.

आमच्या गुजरातेत तर याची निकड अधिक आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारत चर्च स्थापन झाले. त्यात बडोद्याकडे मोठी असलेली अमेरिकन परंपरेची मेथॉडिस्ट मंडळी आली नाही. गावात दोन उपासनामंदिरे, दोन पाळक, आणि लग्नकार्ये मात्र एकमेकांत! अशा ठिकाणी दोन्हीकडच्या पाळकांनी तरुणपणी एका बाकावर बसून नवा करार वाचलेला असला, तर पुढील पुष्कळ तंटे उद्भवण्यापूर्वीच मिटतात.

मराठी मुलुखात रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी निराळ्या वाटेने हाच प्रश्न हाताळला. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर ते अहमदनगरच्या (आजचे अहिल्यानगर) धर्मविद्यालयात शिकवीत. विद्यार्थ्याने साहेबी वळणाचा उपदेशक न होता या मातीतला व्हावे, ही त्यांची तळमळ. अभंग व कीर्तन त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणले. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा झालेले व न झालेले असे दोघेही बसू शकत. दोन वर्षांतच, १९१९ साली, टिळक वारले व तो प्रयोग वाढीस लागला नाही. लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ आमच्या बहुतेक घरांत असते. ज्यांनी ते केवळ विनोदासाठी वाचले असेल, त्यांनी या दृष्टीने पुन्हा उघडावे.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. सयाजीराव महाराजांनी शिंद्यांना पैसे देताना कोणत्या पंथाचे विद्यालय हे पाहिले नाही. कोण जातो आहे हे पाहिले. आमच्या निधीनेही तसेच करावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र डोळे मिटून नव्हे. विद्यालयात इतर पंथांचे व इतर धर्मांचे ग्रंथ त्या त्या लोकांच्या दृष्टीने शिकवितात काय, आणि विद्यार्थ्याला शिक्षणकाळात वस्तीत, इस्पितळात, तुरुंगात काम करावे लागते काय, या दोन गोष्टींची चौकशी अवश्य करावी. आमच्या अर्जाच्या नमुन्यात सध्या ‘पंथ’ असा एक रकाना आहे. पुढील सभेत तो काढून, त्या जागी ‘शिक्षणानंतर कोणत्या वस्तीत काम करण्याचा विचार आहे’ असा रकाना घालावा, अशी सूचना आम्ही मांडणार आहोत. ज्या सभासदांस ती पटत नसेल, त्यांनी सभेस अगत्याने यावे.