धूर, अग्नी आणि डिझेलची गाडी

तर्कशास्त्राच्या तासाला अनुमानाचे उदाहरण म्हणून डोंगरावरचा धूर हटकून येतो. धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी असला पाहिजे. अन्नंभट्टाच्या सतराव्या शतकातील ‘तर्कसंग्रहा’पासून आमच्या गाइडांपर्यंत तोच डोंगर आणि तोच धूर. बहुतेक विद्यार्थ्यांना हे उदाहरण परीक्षेपुरते वाटते. माझे मत निराळे आहे. ज्याच्या घरी जुनी डिझेलची टुरिस्ट गाडी आहे, त्याला हा धूर रोज भेटतो; आणि गाडी अचानक बंद पडली म्हणजे त्याचा अर्थ नीट लावण्यावर घरचा महिना अवलंबून असतो.

प्रथम इंजिनाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली ऑग्सबर्ग येथे आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले. आपल्याकडे ते मोटारीच्या आधी विहिरीवर पोहोचले. १९४६ साली खडकीला स्थापन झालेल्या किर्लोस्करांच्या ऑइल इंजिन कारखान्याचे नाव शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी लागते, यात लागत नाही. जुन्या मोटारींत हवा सुमारे वीस-बावीस पट दाबली जाते, त्यामुळे ती ५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापते, आणि तिच्यात डिझेलचा बारीक फवारा मारला की तो आपोआप पेटतो. म्हणजे हवा, दाब आणि वेळेवर डिझेल, एवढेच या यंत्राचे मागणे. गाडी थांबली तर या तिघांपैकी कोण गैरहजर आहे, हा खरा प्रश्न होय.

आता धूर. सेल्फ मारताना कोणाला तरी सायलेन्सरपाशी उभे करावे. पांढुरका धूर येत असेल तर डिझेल आत पोहोचते आहे, पण पेटत नाही. दाब कमी असेल, वेळ चुकली असेल किंवा थंडीत हीटर प्लग गेले असतील. धूर मुळीच नसेल तर डिझेलच पोहोचत नाही. गंमत अशी, की हा पांढरा धूर म्हणजे बहुतांशी न जळलेल्या डिझेलची वाफ! नैयायिकांनी वाफेला धूर समजण्याचा धोका आधीच सांगून ठेवला आहे. अग्नी असला म्हणजे धूर असतोच असे नाही, त्याला ओल्या इंधनाची साथ लागते, हेही त्यांनीच सांगितले. चालत्या गाडीचा काळा धूर काहीसा तसाच आहे. आग आहे, पण डिझेलच्या मानाने हवा अपुरी.

आमचे वडील सातवीपर्यंत शिकले. न्यायदर्शन त्यांनी ऐकलेले नाही, पण गाडी बंद पडली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: “कशी बंद पडली?” गेल्या ऑक्टोबरात आमची गाडी पाम बीच रोडवर, करावे गावाच्या अलीकडे थांबली. मागे विमानतळाचे भाडे बसलेले. त्यांना दुसरी गाडी करून दिली, आणि टोचन करून गाडी एका गॅरेजात नेली. तेथे निदान झाले: “पंप गेला, खोलावा लागेल.” सांगितलेला आकडा माझ्या वर्षाच्या फीपेक्षा मोठा होता, आणि फी अजून भरायची होती.

वडिलांनी पंप खोलू दिला नाही. त्यांचे म्हणणे असे, की फिल्टर तुंबला किंवा लाइनमध्ये एअर शिरली तर गाडी आधी कुरकुरते, झटके देते, मग मरते. ही तर चावी फिरवावी तशी बंद झाली. सेल्फ जोरात फिरत होता, म्हणजे बॅटरी ठीक. मी मागे उभा होतो. धुराचा मागमूस नव्हता. ज्या इंधनाला पेटायला वीज लागत नाही, ती गाडी विजेवाचून का थांबावी? याचे उत्तर पंपावरच्या सोलेनॉइडमध्ये आहे. चावी चालू असेतो वीज त्याची झडप उघडी धरते. वीज तुटली की स्प्रिंग ती मिटवते आणि डिझेल बंद. चावी चालू केल्यावर त्याचा ‘टक्’ असा आवाज यायला हवा. तो आला नाही.

मग बॅटरीपासून एक वायर थेट सोलेनॉइडला लावली. ‘टक्’ झाले, आणि सेल्फ मारताच इंजिन सुरू झाले. बाकी सर्व तसेच, बदलली ती एकच गोष्ट. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली मांडलेल्या व्यतिरेक पद्धतीचे याहून स्वच्छ उदाहरण मला पुस्तकात आढळले नाही. दोष निघाला वायरच्या टोकाशी. खाडीच्या खाऱ्या हवेने हिरवे पडून ते तुटले होते. नवे टोक बसवायला चहाइतके पैसे लागले.

अर्थात प्रत्येक वेळी सेल्फ मारून परीक्षा पाहावी असे नाही. सेल्फ नेहमीपेक्षा हलका, सरसर फिरू लागला तर टायमिंग बेल्ट तुटल्याचा संशय घ्यावा आणि हात तेथेच आवरावा. फिरवत राहिल्यास व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. पावसात साचलेल्या पाण्यातून जाताना गाडी थांबली आणि सेल्फ जागचा हलेना, तर आत पाणी गेलेले असू शकते. हवा दाबता येते, पाणी दाबले जात नाही. जोर केला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा वेळी गाडी ढकलून बाजूला घ्यावी आणि टोचनवाल्याची वाट पाहावी, मग मागे कितीही हॉर्न वाजोत.