जर्सीवर एलिट, मुलगी बेंचवर

बेंगळुरूतल्या इंदिरानगरच्या आईबाबांनो, मुलीला ‘एलिट’ फुटबॉल संघात घालायचं तुमच्या मनात आहे. फी भरण्याआधी थोडं बोलूया.

प्रशिक्षकांना एकच विचारा. गेल्या मोसमात तुमच्या संघातली सगळ्यात कमी खेळलेली मुलगी किती मिनिटं मैदानात होती? त्यांना ते सांगता आलं नाही, तर मी तरी तिथे पैसे भरणार नाही. बाराव्या-तेराव्या वर्षीच करंडकाची घाई झालेले संघ लवकर उंच झालेल्या, दणकट मुलींना खेळवतात. उशिरा वाढणारी, पण डोक्याने खेळणारी पोर बेंचवर बसून कंटाळते आणि एक दिवस बूट माळ्यावर जातात. नॉर्वेत मुलं अकरा वर्षांची होईपर्यंत स्पर्धांचे गुणतक्ते लावत नाहीत. याच देशाच्या महिलांनी 1995 चा विश्वचषक आणि 2000 चं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं!

आपल्याकडे 2022 साली सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक झाला. यजमान म्हणून आपल्याला थेट प्रवेश होता. अमेरिकेकडून 0-8, मोरोक्कोकडून 0-3, ब्राझीलकडून 0-5. त्या मुलींना हसू नका. सराव शिबिरात दम वाढतो, पण चेंडू कधी सोडायचा हे सामने खेळूनच कळतं, आणि आपल्या मुलींना लहानपणापासून सामनेच कमी मिळतात. म्हणून म्हणते, नावाजलेल्या संघाच्या बेंचपेक्षा साध्या संघात पूर्ण वेळ खेळणं बरं.

गुडघ्यांचंही बघा. वयात येणाऱ्या मुलींमध्ये गुडघ्याचा एसीएल नावाचा अस्थिबंध फाटण्याचा धोका मुलांपेक्षा बराच जास्त असतो, आणि एकदा फाटला की महिनोन्‌महिने खेळ बंद. ‘फिफा 11+’ नावाचा वीस मिनिटांचा वॉर्मअप आहे. धावणं, तोल सांभाळणं, उडी मारून नीट उतरणं, असे साधे व्यायाम. खास साहित्य काही लागत नाही. सराव सुरू व्हायच्या वेळी जाऊन बघा, असं काही करून घेतात की थेट दोन संघ पाडून खेळ सुरू होतो. टर्फवर मुलींसाठी स्वच्छ बाथरूम आहे का, हेही तेव्हाच बघा. पाळीबद्दल मुलगी निःसंकोच बोलेल अशी एखादी ताई तिथे हवी. इंग्लंडच्या महिला संघानेही 2023 साली पांढऱ्या शॉर्ट्स बदलून निळ्या घेतल्या, त्या पाळीच्याच काळजीपोटी.

पुढे काय, असं बाबा विचारतातच. 2016-17 पासून इंडियन विमेन्स लीग आहे. आपल्या बेंगळुरूचा किकस्टार्ट एफसी 2023 साली तिच्या अंतिम फेरीत गेला होता; गोकुलम केरळाने त्यांना 5-0 हरवलं, ते असो. जुलै 2025 मध्ये भारताच्या महिलांनी थायलंडला त्यांच्याच देशात 2-1 हरवून आशियाई चषकात जागा मिळवली. यात पगार मोठे नाहीत, हे मोकळेपणाने सांगते. पण वाट आहे.

दहावीच्या वर्षी मात्र क्लासचं निमित्त करून खेळ पूर्ण बंद करू नका. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी तिच्या राहू द्या. आणि राज्य महिला लीगचे सामने लागले की तिला घेऊन मेट्रोने एमजी रोडला उतरा; फुटबॉल स्टेडियम तिथून चालत जाण्यासारखं आहे. सामना संपल्यावर, तिला कोणासारखं खेळायचंय, ते तिलाच विचारा.