दोन वर्षांचं लेकरू बोलत नाही? आधी कान तपासा

“याचे बाबा चार वर्षांचे झाल्यावर बोलले होते. बोलेल हळूहळू.” लेकरू बोलत नाही म्हणून दवाखान्यात येणाऱ्या बहुतेक घरांत हे वाक्य आधी कुणी ना कुणी म्हणून झालेलं असतं. त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. उशिरा बोलायला लागलेली बरीच मुलं शाळेच्या वयापर्यंत बरोबरीच्यांना गाठतात. पण कोणतं मूल गाठेल आणि कोणतं मागे राहील, हे दुसऱ्या वर्षी नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही. म्हणून वाट बघू नका, तपासून घ्या. सगळं ठीक निघालं तर फार तर एक रजा जाईल.

किती वयाला काय यावं?

वर्षाचं होता होता मुलाने ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी बडबड करावी, नावाने हाक मारली की वळावं, टाटा करावा, हवी ती वस्तू दाखवावी. सोळा महिन्यांपर्यंत अर्थाचा एखादा तरी शब्द यावा. दोन वर्षांच्या सुमारास साधारण 50 शब्द आणि ‘बाबा भूर’, ‘दूद दे’ अशी दोन शब्दांची जोडणी यावी.

उच्चार शुद्ध नसला तरी चालेल. मंमं, माऊ, भूर हे सगळे शब्दच. एका गोष्टीसाठी लेकरू दर वेळी तोच आवाज काढत असेल, तर तो मोजा. आपल्या छत्रपती संभाजीनगर शहरात घरी मराठी आणि शेजारी हिंदी-उर्दू हे नेहमीचंच. दोन भाषांमुळे बोलणं अडत नाही. शब्द मोजताना सगळ्या भाषांचे मिळून मोजा. मात्र शाळेची तयारी म्हणून, आईवडिलांनाच जी सहज बोलता येत नाही अशी भाषा घरात आणू नका.

येत असलेले शब्द बंद झाले, तर मूल कोणत्याही वयाचं असो, लगेच डॉक्टरांना दाखवा.

पहिली तपासणी कानाची

“ऐकू तर येतं, ताट पडलं की दचकतो,” असं पालक सांगतात. ताटाचा आवाज मोठा असतो. बोलण्यातले स, श, फ यांसारखे आवाज बारीक असतात. थोडं कमी ऐकू येत असेल तर नेमके तेच निसटतात आणि मूल अर्धवट शब्द ऐकतं. सर्दी वारंवार होऊन कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं, तरीही असं होतं, आणि कान दुखत नसल्याने ते कुणाच्या लक्षात येत नाही.

ओएई ही ऐकण्याची तपासणी काही मिनिटांची, न दुखणारी. बेरा ही ऐकण्याचीच दुसरी तपासणी मूल झोपलेलं असताना करतात. जन्मल्यावर अतिदक्षता विभागात राहिलेल्या किंवा कावीळ फार वाढलेल्या बाळाची बेरा करून घ्यावीच. बहिरेपण जितक्या लवकर कळेल, तितका श्रवणयंत्राचा किंवा कॉक्लियर इम्प्लांटचा उपयोग जास्त. कारण भाषा शिकण्याची मेंदूची सर्वांत मोठी तयारी पहिल्या तीन वर्षांत होते.

कान चांगले असतील, पण मूल हाकेला वळत नसेल, नजरेला नजर देत नसेल, आकाशातलं विमान दाखवायला बोट पुढे करत नसेल, एकच खेळ तासन्‌तास खेळत असेल, तर स्वमग्नतेच्या दृष्टीने तपासावं लागतं. 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची 20 प्रश्नांची प्रश्नावली आहे. तिच्यावरून निदान होत नाही, पुढे तपासायचं की नाही एवढं कळतं. गोवराच्या दुसऱ्या डोससाठी 16 ते 24 महिन्यांत तुम्ही जाताच. बोलण्याचा विषय त्याच वेळी काढा.

घरात काय करायचं?

मूल पाण्याच्या माठाकडे बघतं आणि आई पेला भरून हातात देते. मागायची वेळच येत नाही. पेला हातात धरून क्षणभर थांबा, मुलाकडे बघा, मनात पाचपर्यंत मोजा. नुसता आवाज निघाला तरी “पाणी! पाणी हवं?” म्हणून लगेच द्या. “म्हण पाणी, म्हटल्याशिवाय देणार नाही,” असा हट्ट धरू नका. मूल रडतं आणि बोलणं म्हणजे शिक्षा होऊन बसते.

मूल ‘गाडी’ म्हणालं, तर तुम्ही ‘लाल गाडी’ म्हणा. त्याच्या एका शब्दाला तुमचा एक जोडा. चुकीचा उच्चार दुरुस्त करत बसू नका. तोच शब्द नीट म्हणून पुढे चला. रोजच्या बडबडगीताचा शेवटचा शब्द गाळा आणि वाट बघा. यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. आपल्याकडे नळाला पाणी येतं तो दिवस धांदलीचा. त्या दिवशी लेकराला सोबत घ्या. “पाणी आलं! बादली आण. भरली? अजून भर. बस्स, बंद कर.” एकच शब्द दहा वेळा, समोर दिसणाऱ्या गोष्टीसाठी ऐकला की तो रुजतो.

मोबाइल बोलतो, पण मुलाच्या बोलण्याची वाट बघत नाही. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको. दोन ते चारच्या वयात दिवसाला तासाभराच्या वर नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलं आहे. पण मोबाइल बंद केला म्हणून तपासणी टाळू नका. बोलणं उशिरा येण्याचं तेवढंच एक कारण नसतं.

वेखंड जिभेवर चोळून वाचा फुटत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवणं तर धोक्याचं. त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. जीभ खालून चिकटलेली असली तर काही उच्चार बिघडतात, पण शब्दच येत नाहीत असं सहसा होत नाही. आणि “आईच बोलत नाही त्याच्याशी,” हा ठपका आधी बंद करा. घरात बाबा, आजी, आजोबा, काका सगळे आहेत; बोलणं सगळ्यांनीच वाढवायचं आहे.

कुठे जायचं?

बालरोगतज्ज्ञ, कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि वाचा-उपचारतज्ज्ञ, या क्रमाने जा. खासगी दवाखाना परवडत नसेल तर घाटी रुग्णालयात दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरहून सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, मुलांना तपासतं आणि गरज असलेल्या मुलांना जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. पथक कधी येणार, हे अंगणवाडीताईंना विचारा. स्वमग्न मुलांसाठी शहरात ‘आरंभ’ ही संस्था काम करते. श्रवणदोषासाठी मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983 पासून आहे.

वाचा-उपचार आठवड्यातून तासभर होतो, उरलेला आठवडा तुमच्या घरातला असतो. त्यामुळे सत्राला मुलासोबत आत बसा, बघा आणि तेच घरी करा.

तुमचं लेकरू दोन वर्षांचं होऊन दोन शब्द जोडत नसेल, तर तिसऱ्या वाढदिवसाची वाट बघू नका. याच आठवड्यात कानाच्या तपासणीची वेळ घ्या.