माडाच्या शेंड्यापर्यंत पाणी कोण चढवतं?

प्रश्न : आमच्या परसातला माड साठ-सत्तर फूट उंच आहे. विहिरीचं पाणी टाकीत चढवायला आम्हाला पंप लागतो. मग माडाच्या शेंड्यापर्यंत पाणी कसं पोचतं? मुळं ते वर ढकलतात का?
– एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : मुळं थोडंफार ढकलतात. पहाटे अळूच्या पानाच्या टोकाशी साचलेला थेंब बहुधा दवाचा नसतो. मुळांच्या दाबानं तो बाहेर आलेला असतो. पण भर दुपारी, झाडाला पाण्याची सर्वाधिक गरज असते तेव्हा, हा दाब जवळजवळ नसतोच. त्या वेळी पाणी वरून ओढलं जातं.

ही ओढ पानांत निर्माण होते. उन्हानं पानातल्या ओल्या पेशीभित्तिकांवरचं पाणी वाफ होऊन पर्णरंध्रांतून बाहेर पडतं. भित्तिकांच्या अतिसूक्ष्म छिद्रांत उरलेलं पाणी मागच्या पाण्याला खेचतं. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, त्यामुळे ही ओढ शेंड्यापासून मुळांपर्यंत सलग पोचते. डिक्सन आणि जॉली या डब्लिनच्या शास्त्रज्ञांनी 1894 मध्ये हे स्पष्टीकरण मांडलं.

विहिरीच्या काठावरचा पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो. खरं तर हवेचा दाब ते पाइपात वर ढकलतो, आणि फार तर 10 मीटरपर्यंतच. झाडाला ही मर्यादा नाही, कारण तिथं पाणी खरोखरच ताणलं जातं. जलवाहिन्या केसाइतक्या किंवा त्याहून बारीक असतात आणि पाणी त्यांच्या भिंतींना चिकटून राहतं. म्हणून कॅलिफोर्नियातल्या 115 मीटर उंच रेडवूडच्या शेंड्यालाही पाणी मिळतं.

या जलवाहिन्या मृत पेशींच्या असतात. जर्मन शास्त्रज्ञ स्ट्रासबर्गर यांनी कापलेल्या झाडांची खोडं विषारी द्रावणांत ठेवली. वाटेतल्या जिवंत पेशी मेल्या, तरी द्रावण वर चढतच राहिलं. जगदीशचंद्र बोस यांचं मत वेगळं होतं : जिवंत पेशींच्या स्पंदनांमुळे रस चढतो, असं त्यांनी 1923 च्या ग्रंथात मांडलं. पुढच्या प्रयोगांचा कौल मात्र ताणाच्या बाजूनं पडला.

तुमच्या माडाची गोष्ट तर आणखी विलक्षण आहे. आंबा किंवा साग नवं लाकूड घालून नव्या जलवाहिन्या तयार करतो. माडाचं खोड असं वाढत नाही. एकदा घडलेल्या वाहिन्या त्याला आयुष्यभर पुरवाव्या लागतात. आज शेंड्याला जाणारं पाणी बुंध्यातल्या कित्येक दशकांपूर्वीच्या वाहिन्यांतून चढतं आहे.

हे घरी पडताळून पाहा. तेरड्याच्या दोन सारख्या पानदार फांद्या पाण्याखाली कापा, म्हणजे वाहिन्यांत हवा शिरून पाण्याचा धागा तुटणार नाही. दोन्ही लाल शाईच्या पाण्यात ठेवा. एक वाऱ्यावर राहू द्या, दुसरीच्या पानांवर प्लॅस्टिकची पिशवी बांधा. दोन्ही फांद्यांना मुळं नाहीत. तरीही वाऱ्यावरच्या फांदीत शाई लवकर वर चढलेली दिसेल.