तयार प्लगइनवर विसंबावे का?

प्रश्न : गावातल्या शेती-औषधांच्या दुकानासाठी मी वर्डप्रेसवर संकेतस्थळ बनवतोय. ऑर्डर, पेमेंट, सगळ्याला तयार प्लगइन मिळतात. मित्र म्हणतो, परक्याचा कोड धोक्याचा, सगळं स्वतः लिही. काय करू?
– एक वाचक, श्रीरामपूर

उत्तर : घाबरू नका. स्वतः लिहिलेला कोड आपोआप सुरक्षित ठरत नाही. पेमेंटचे काम तर स्वतः लिहूच नका. गेटवे कंपनीचे अधिकृत प्लगइन घ्या. मात्र दरपत्रक किंवा फोनचे बटण अशा चार ओळींच्या कामाला प्लगइन नको. 2016 मध्ये 'लेफ्ट-पॅड' हे 11 ओळींचे पॅकेज लेखकाने काढून घेतले आणि त्यावर विसंबलेले जगभरचे हजारो प्रकल्प काही तास अडले.

निवडताना प्लगइनच्या पानावर तीन गोष्टी पाहा : शेवटची सुधारणा कधीची, चालू वर्डप्रेसवर चाचणी झाली आहे का, तक्रारींना उत्तरे मिळतात का. सशुल्क प्लगइनची 'फुकट' प्रत भलत्या ठिकाणाहून उतरवू नका. त्यात अनेकदा घातक कोड दडवलेला असतो. सप्टेंबर 2020 मध्ये 'फाइल मॅनेजर' या लोकप्रिय प्लगइनमधल्या त्रुटीवर हल्ले झाले. दुरुस्ती लगेच आली, पण ज्यांनी अपडेट केले त्यांच्याच उपयोगी पडली. म्हणून आधी बॅकअप, मग अपडेट. नको असलेले प्लगइन नुसते बंद न ठेवता काढूनच टाका.